परोपकार, केळी आणि डोंबिवलीला पोहोचलेल्या आजी

स. न. वि. वि.

मी गेल्या वर्षी एका बँकेतून निवृत्त झालो. उरलेले आयुष्य सत्कारणी लागावे म्हणून रोज किमान एका अनोळखी व्यक्तीच्या उपयोगी पडायचे आणि रात्री त्याची वहीत नोंद करायची, असा नेम मी धरला आहे. अलीकडे मात्र या नेमातून मनस्तापाखेरीज काही पदरात पडत नाही.

ठाणे स्थानकात जलद लोकलच्या महिला डब्यापाशी एक आजी जड पिशवी घेऊन उभ्या होत्या. गाडी सुटण्याच्या बेतात होती, म्हणून मी पिशवी आत दिली आणि पाठोपाठ आजींनाही दंडाला धरून चढवले. त्या आतून जोरजोरात हात हलवत होत्या. मला वाटले, आभार मानत असाव्यात. प्रत्यक्षात त्या भाचीला पोहोचवायला आल्या होत्या आणि त्यांच्याजवळ केवळ प्लॅटफॉर्म तिकीट होते. गाडी थेट डोंबिवलीला थांबली आणि तिथे तिकीट तपासनिसाने त्यांना दंड केला.

पुढे एकदा पहाटे उपवन तलावाच्या काठी एक गृहस्थ हातपाय पसरून निश्चल पडलेले दिसले. आमच्या सोसायटीत प्रथमोपचाराचा वर्ग नुकताच झाला होता. मी त्यांच्या तोंडावर बाटलीभर पाणी मारले, पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाशी धरली आणि छाती दाबण्यासाठी गुडघे टेकले, तोच ते ताडकन उठून बसले. ते शवासन करत होते. त्यांनी मला जे ऐकवले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

महाशिवरात्रीला कोपिनेश्वर मंदिराबाहेर बसलेल्यांना मी दहा डझन केळी वाटली. परतताना जांभळी नाक्यावर, ज्या हातगाडीवरून मी ती घेतली होती त्याच हातगाडीवर ती पुन्हा विकायला ठेवलेली दिसली; मी प्रत्येक जोडीला बांधलेला लाल दोराही तसाच होता. त्याच गर्दीत डोंबिवलीच्या आजी भेटल्या. त्यांनी पर्समध्ये जपून ठेवलेली दंडाची पावती माझ्यापुढे धरली. मी पैसे दिले आणि वर दोन केळी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाहीत.

मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता घरीच बसा.’ लोक कृतघ्न झाले आहेत, की माझेच काही चुकते आहे? नेम सोडून द्यावा का?

– एक निवृत्त बँक अधिकारी, नौपाडा, ठाणे

---

सप्रेम नमस्कार.

लोक कृतघ्न झालेले नाहीत. नेम अवश्य सोडा, पण परोपकार सोडू नका, आणि चिरंजीवांचे ऐकून घरी तर मुळीच बसू नका. या दोहोंत फरक काय, हे सांगण्यासाठी तुमचे तिन्ही प्रसंग जरा बारकाईने पाहावे लागतील.

तुमच्या सबंध पत्रात तुम्ही अनोळखी माणसांसाठी बरेच काही केले आहे: उचलले, चढवले, शिंपडले, हुंगवले, वाटले. परंतु त्यांच्यापैकी एकालाही तुम्ही एक प्रश्न विचारल्याचे मला कुठे आढळले नाही. ‘आजी, तुम्हाला याच गाडीने जायचे आहे का?’ हे वाक्य उच्चारण्यास दोन सेकंद लागतात. लोकल ठाण्याला अर्ध्या मिनिटाहून फारशी अधिक थांबत नाही, त्यामुळे घाई खरी होती हे मला मान्य आहे. तरीही पिशवी आत देऊन वर आजींना चढवण्यास जितका वेळ लागला, त्याहून हे विचारण्यास नक्कीच कमी लागला असता. तुमच्या हातून ते का झाले नाही याचे उत्तर, माझ्या मते, तुमच्या वहीत आहे. आजी ‘नाही हो, मी भाचीला पोहोचवायला आले आहे’ असे म्हणाल्या असत्या, तर त्या दिवसाची नोंद बुडाली असती. वर्षअखेरीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी मार्च महिन्यात नको असलेल्या माणसाच्या गळ्यात मुदत ठेव बांधणारा शाखाधिकारी तुम्ही नोकरीत पाहिला असेल. रोज एक सत्कृत्य जमा झालेच पाहिजे असा दंडक घातल्यावर परोपकारी माणसाचेही तेच होते, आणि मग रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण त्याला गरजू दिसू लागतो. म्हणून आधी ती वही बंद करा. ज्या दिवशी कोणालाही तुमची गरज भासली नाही, तो दिवस फुकट गेला असे मानण्याचे काही कारण नाही.

आजींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगावीशी वाटते. सुटण्याच्या बेतात असलेल्या लोकलमध्ये कोणालाही दंडाला धरून चढवू नये, मग त्या व्यक्तीला त्याच गाडीने जायचे असले तरी. फलाट आणि पायदान यांच्यामधली फट वयस्कर माणसाला पुरेशी धोकादायक असते, आणि दुसऱ्याने रेटा दिला की त्याचा स्वतःचा तोल त्याच्या हाती राहत नाही. सामान उचलून देणे वेगळे आणि माणूस उचलून देणे वेगळे. दंडाचे म्हणाल तर प्लॅटफॉर्म तिकिटावर फलाटावर उभे राहता येते, गाडीतून प्रवास करता येत नाही. विनातिकीट प्रवाशाकडून रेल्वे कायद्यानुसार भाडे आणि त्यावर किमान 250 रुपये वसूल केले जातात. ‘एका गृहस्थांनी मला बळेच गाडीत घातले’ ही कैफियत आजींनी डोंबिवलीच्या तिकीट तपासनिसाला ऐकवली असणारच, आणि त्याने ती कोणत्या चेहऱ्याने ऐकून घेतली असेल याची कल्पना करण्याचा मोह मला आवरत नाही. ते पैसे तुम्ही भरून दिलेत, हे योग्यच केलेत. केळ्यांची ती वेळ नव्हती.

ज्यांना दिसत नाही अशा प्रवाशांना मदत करतानाही हाच विचार लागू होतो, आणि ठाणे स्थानकात तुम्हाला तो प्रसंग कधी ना कधी येईल, म्हणून ओघात सांगते. त्यांचा हात किंवा पांढरी काठी स्वतःहून धरू नये. समोर येऊन बोलावे, मदत हवी का आणि कुठे जायचे आहे ते विचारावे, आणि होकार आल्यास आपला कोपर पुढे करावा. ते कोपराच्या किंचित वर धरून अर्धे पाऊल मागे चालतात, त्यामुळे आपण कधी वळलो, कधी थांबलो हे त्यांना आपोआप कळते. जिना आला की तो चढायचा आहे की उतरायचा, हे आधी सांगावे. निरोप घेताना आपण नेमके कुठे उभे आहोत तेही सांगावे, कारण कोपरीच्या बाजूला जायचे असलेला माणूस तुमच्या उत्साहामुळे पश्चिमेच्या सॅटिस पुलावर जाऊन पोहोचला, तर त्याला ते सगळे जिने नव्याने चढावे-उतरावे लागतील.

आता उपवनचे गृहस्थ. त्यांच्या अंगाखाली चटई होती का, आणि चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या होत्या का, हे तुम्ही लिहिलेले नाही. असल्या तर तेवढ्यावरून अंदाज यायला हवा होता, कारण घेरी येणारा माणूस पडण्यापूर्वी चटई अंथरत नाही. पहाटेच्या वेळी ठाण्याच्या कोणत्याही तलावाकाठी पाय किंचित फाकवून, तळवे आकाशाकडे करून, डोळे मिटून पडलेले दोन-चार जण दिसायचेच. तरीही या प्रसंगाबद्दल मी तुम्हाला फार दोष देणार नाही. निश्चल पडलेल्या माणसाजवळून शंभर जण निघून जातात आणि एक थांबतो. तुम्ही थांबणाऱ्यांपैकी आहात, आणि एका शवासनापायी तुम्ही ती सवय सोडली, तर पुढच्या वेळी खरोखर कोसळलेल्या माणसाला ते महागात पडेल.

तेव्हा पुढच्या वेळी क्रम एवढाच बदला. जवळ बसून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर थोपटा आणि मोठ्याने विचारा, ‘काका, बरे वाटते आहे ना?’ शवासनातला माणूस डोळे उघडेल, थोडा त्रासेल, तुम्ही ‘माफ करा’ म्हणून पुढे जाल. प्रकरण तिथे संपेल. प्रतिसाद आला नाही, तर छाती वर-खाली होते आहे का ते पाहावे, आणि त्यात दहा सेकंदांहून अधिक वेळ घालवू नये. श्वास नीट चालू नसेल तर आसपासच्या कोणाला तरी 108 क्रमांक लावण्यास सांगून छातीच्या मध्यभागी दाब देणे सुरू करावे. मोठ्या माणसासाठी दाब सुमारे पाच सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला 100 ते 120 या वेगाने द्यायचा असतो. हे तुमच्या वर्गात शिकवले असेलच. पाणी मारणे मात्र त्या वर्गात शिकवले नसणार, ते तुम्ही चित्रपटांतून घेतले असावे. बेशुद्ध माणसाला गिळता किंवा खोकता येत नाही, त्यामुळे नाकातोंडात गेलेले पाणी श्वासनलिकेत उतरू शकते.

चपलेबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण हा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि सुशिक्षित माणसेही अडचणीच्या क्षणी पायाकडे हात नेतात. फिट आलेल्या माणसाचे झटके बहुधा दोन-तीन मिनिटांत आपले आपण थांबतात, आणि थांबण्याच्या क्षणी नाकाशी जी वस्तू असेल तिला सगळे श्रेय मिळते. कधी कांद्याला, कधी चपलेला, कधी मुठीत कोंबलेल्या किल्ल्यांच्या जुडग्याला. प्रत्यक्षात करायचे ते इतकेच, की आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला साराव्यात, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, झटके थांबताच त्या व्यक्तीला एका कुशीवर वळवावे, आणि झटके पाच मिनिटांच्या पुढे गेले तर रुग्णवाहिका बोलवावी. घोडबंदर रस्त्यावर अपघात पाहिला तर थांबावे की पोलिसांच्या भानगडीच्या भीतीने पुढे जावे, असा प्रश्न चिरंजीव उपस्थित करतीलच. त्यांना सांगा, की सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, आणि मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने याविषयी स्वतंत्र कलमच घातले आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही.

केळ्यांचा प्रसंग मला तुमच्या पत्रातला सर्वांत बोधप्रद वाटला, आणि त्यात चूक त्या मंडळींची नाही. महाशिवरात्रीला उपास असतो, उपासाला केळी चालतात, आणि कोपिनेश्वराच्या दारात येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या मनात त्या दिवशी नेमका तुमचाच विचार येतो. सकाळी दहा वाजेपर्यंत तिथल्या प्रत्येकापुढे केळ्यांचा ढीग साचलेला असणार. माणसाने खाऊन खाऊन किती केळी खावीत, आणि उघड्यावर राहणाऱ्याने ती साठवावीत कुठे? दोन दिवसांत ती काळी पडतात. चहाला, औषधाला, स्वच्छतागृहाला मात्र रोख पैसे लागतात. अशा वेळी त्यांनी तुमचा माल तासाभरात हातगाडीवर विकून रोख रक्कम हाती केली, ही माझ्या मते अत्यंत समंजस उलाढाल झाली, आणि निदान बँकेतल्या माणसाने तरी तिला नावे ठेवू नयेत. फळवाल्याला मात्र एकाच केळ्यावर दोनदा नफा मिळाला, याचे मला थोडे वाईट वाटते.

दान देश, काल आणि पात्र पाहून करावे असे आपल्याकडे सांगितले जाते. पात्राची चौकशी सगळे करतात, ‘हा दारू तर पीत नाही ना’ इथपर्यंत करतात. काळाची चौकशी कोणी करत नाही. श्रावणी सोमवारी, संकष्टीला, पितृपक्षात देणाऱ्यांची रांग लागते, आणि जुलैतल्या एखाद्या पावसाळी बुधवारी तिथे कोणी फिरकत नाही. अशा एखाद्या बुधवारी जाऊन पाच मिनिटे शेजारी बसा आणि काय कमी पडते ते विचारा. अंगाचा साबण, अंथरायला ताडपत्रीचा तुकडा, सतत ओल्या राहणाऱ्या पायांना होणाऱ्या चिखल्यांवरचे मलम, बायकांना सॅनिटरी पॅड, अशी उत्तरे येण्याचा संभव अधिक. केळ्यांचे नाव कोणी काढेल असे वाटत नाही.

अशी चूक एकट्यादुकट्याच्या हातूनच होते असेही नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर देशभरातून जुन्या कपड्यांचे ट्रक तमिळनाडूच्या किनाऱ्याकडे धावले, आणि नागपट्टिनमच्या परिसरात त्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, कारण तिथल्या कोळी कुटुंबांना अनोळखी माणसांनी वापरून टाकलेले कपडे अंगावर घालायचे नव्हते. सर्वस्व गेलेल्या माणसालाही आवडनिवड असते, हे देणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. आपल्या सोसायट्यांमध्येही कोकणात पूर आला की पहिल्यांदा कपाटे रिकामी होतात. चिपळूणमध्ये 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले, तसे पाणी ओसरल्यावर घरात पहिल्यांदा दिसतो तो चिखल, आणि तो उपसण्यास फावडी, खराटे, गमबूट, फिनाईल लागते, लग्नातला सुरवार-कुर्ता लागत नाही. ठाण्याहून टेम्पो सुटण्यापूर्वी तिकडच्या कोणाला तरी एक फोन करावा, इतकेच.

विचारण्याहून अवघड भाग पुढे आहे, तो म्हणजे उत्तर ऐकणे. आपल्याकडे पाहुण्याने ‘नको’ म्हणायचे आणि यजमानाने वाढायचे, अशी रीत आहे. पंगतीत पानावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलेबी सोडणाऱ्याचे कौतुक होते, आणि एका ‘नको’वर थांबणारा यजमान चिक्कू ठरतो. लहानपणापासून आपण हेच शिकत आलो आहोत, की समोरच्याचा नकार ही त्याची भीड असते आणि ती मोडून काढणे हे आपले कर्तव्य असते. घरच्या पंगतीत हे चालते, कारण तिथे दोघांनाही हा खेळ ठाऊक असतो आणि दोघांनाही तो आवडतो. फलाटावरच्या अनोळखी बाईला तो खेळ खेळायचा नसतो. तिचे ‘नको’ म्हणजे नकोच असते. ‘अहो, संकोच करू नका’ असे म्हणत तिच्या पिशवीचा दुसरा बंद ओढणे हा मग आग्रह राहत नाही, झोंबाझोंबी होते. तुम्ही आजींच्या हलणाऱ्या हातांचा अर्थ आभार असा लावलात, तो याच सवयीतून. तेव्हा एकदा विचारा, उत्तर येईपर्यंत थांबा, आणि नकार आला तर ‘बरे’ म्हणून हसतमुखाने पुढे व्हा. दुसऱ्यांदा विचारू नका.

तुमच्या हाताशी वेळ आहे आणि उत्साह तर दांडगा आहे, तेव्हा जिथे गरज समोरच्याने आधीच बोलून दाखवलेली असते, अशा ठिकाणी तो वळवावा असे मी सुचवेन. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक हवे असतात, परंतु तिथे तुमचे शिक्षण आड येईल. दहावीच्या मुलाला लेखनिक खालच्या इयत्तेतलाच लागतो, पदवीधर चालत नाही. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्यास मात्र अशी अट नाही. रक्तदान पूर्वी केलेले असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर 65 व्या वर्षापर्यंत करता येते. पहिल्यांदाच करणार असाल, तर साठीनंतर घेत नाहीत. परंतु तुमच्यासाठी सर्वांत योग्य काम मला नोव्हेंबर महिन्यात दिसते.

त्या महिन्यात सरकारी निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि बँकांबाहेर वृद्धांच्या रांगा लागतात. वागळे इस्टेटच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांसारखे जे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून निवृत्तिवेतन घेतात, त्यांना तो वर्षात केव्हाही देता येतो आणि तेव्हापासून तो वर्षभर चालतो. ही गोष्ट ठाऊक नसल्याने त्यांतले कित्येक जण नोव्हेंबरच्या गर्दीत विनाकारण ताटकळतात. 2014 पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’ या सुविधेतून डिजिटल पद्धतीनेही देता येतो, परंतु वयोमानाने बोटांच्या रेषा झिजलेल्यांचे ठसे यंत्र ओळखत नाही आणि मग ते हताश होऊन परततात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आता आहे, हे त्यांना सांगणारे कोणी नसते. तुम्ही सोसायटीच्या कार्यालयात आठवड्यातून दोन सकाळी टेबल टाकून बसा आणि फलकावर वेळ लिहा. ज्याला गरज असेल तो स्वतःच्या पायांनी चालत येईल आणि काय हवे तेही स्वतःच सांगेल. आधार क्रमांक आणि ओटीपी मात्र त्यांना त्यांच्याच हाताने भरू द्या, कितीही वेळ लागला तरी.